आकडा आहे, माणूस कुठे आहे?

सात-बाराचा उतारा हातात घेतला की खातेदाराच्या नावाशेजारी एक छोटा आकडा दिसतो. तो फेरफार क्रमांक. हे नाव उताऱ्यावर खरेदीनं आलं की वारसानं, ते तिथे लिहीत बसत नाहीत. त्यासाठी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडायची आणि त्या क्रमांकाची नोंद काढायची. उताऱ्यावर फक्त आकडा, हकीकत दुसऱ्या वहीत. जमिनीचा वाद ज्यानं जवळून पाहिलाय त्याला या व्यवस्थेतली कच्ची जागाही ठाऊक असते. उताऱ्यावर आकडा आहे आणि वहीत त्या आकड्याची नोंदच सापडत नाही. असं झालं तरी कागद काही बोलत नाही. लिहिणाऱ्यानं लिहिलं, कागदानं घेतलं. मग दोन पिढ्यांनी कुणीतरी वकिलाकडे जातो.

डेटाबेस मात्र बोलतो, आणि लिहितानाच बोलतो. दुसऱ्या वहीतल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या अशा आकड्याला ‘फॉरेन की’ म्हणतात. ज्या नोंदीकडे बोट आहे ती अस्तित्वात नसेल, तर आकडा लिहूनच घेतला जात नाही. पडद्यावर जी लाल ओळ उमटते ती हीच तक्रार असते.

शब्द जुना आहे. एडगर कॉड हा मूळचा इंग्लंडमधला, दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवलेला गणिती. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत असताना १९७० साली त्यानं एक निबंध लिहिला. सगळी माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि तक्ते एकमेकांशी केवळ किमतींच्या जुळणीनं जोडावेत, ही कल्पना त्यात होती. ‘प्रायमरी की’ आणि ‘फॉरेन की’ हे दोन्ही शब्द त्याच निबंधात आहेत. प्रायमरी की म्हणजे त्या तक्त्यातल्या ओळीची स्वतःची ओळख. फॉरेन की म्हणजे या तक्त्यात येऊन राहिलेली दुसऱ्या तक्त्यातली ओळख. १९८१ साली कॉडला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एसक्यूएल या भाषेच्या प्रमाण आवृत्तीत मात्र फॉरेन की शिरायला १९८९ उजाडलं. कल्पना आणि अंमल यांच्यात एकोणीस वर्षं गेली, आणि अंमलातली टाळाटाळ त्यानंतरही बराच काळ चालू होती. तिच्याकडे पुढे येऊच.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं काम माझ्याकडे आलं होतं. रजिस्टरं एक्सेलमध्ये उतरवून झाली होती. आता ती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये भरायची होती. मुख्य तक्ते तीन. एकात सभासद, एकात पुस्तकं आणि तिसऱ्यात देवघेव. देवघेवीच्या प्रत्येक ओळीत एक सभासद क्रमांक आणि एक दाखल क्रमांक. कोणी नेलं आणि काय नेलं, हे दोन आकड्यांत. कॉम्प्युटर शिकलेला एक हौशी मुलगा भरणीचं काम करत होता. पहिल्याच संध्याकाळी त्याच्या पडद्यावर १४५२ क्रमांकाची एरर आली. ग्रंथपाल बाई चष्मा सावरत वाकून बघायला लागल्या.

“सर, हे फॉरेन फॉरेन काय म्हणतंय? आपले सगळे सभासद तर गावातलेच आहेत.”

त्यांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. एरर वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: परकं कोण, आणि कुणाच्या घरात?

मायएसक्यूएलचे संदेश पालक आणि पाल्य या भाषेत बोलतात. शाळेच्या फॉर्मवरची जोडी इथे नेमकी बसते. ज्या तक्त्याकडे बोट आहे तो पालक, बोट दाखवणारा तो पाल्य. सभासद हा पालक, देवघेव हा पाल्य. १४५२ म्हणजे पाल्याची ओळ घालता किंवा बदलता येत नाही, कारण तिनं सांगितलेला पालकच सापडत नाही. १४५१ बरोबर उलट: पालकाची ओळ काढता किंवा बदलता येत नाही, कारण तिच्यावर विसंबलेले पाल्य अजून आहेत. ओरॅकल हा दुसरा डेटाबेस हेच दोन वेगळ्या क्रमांकांनी सांगतो, ०२२९१ आणि ०२२९२. एसक्यूएल सर्व्हर दोन्हींना ५४७ म्हणतो, तिथे संदेशातले शब्दच वाचावे लागतात. पोस्टग्रेसचा कोड २३५०३. आकडे पाठ करायची गरज नाही. ओरड पालकाच्या बाजूनं आहे की पाल्याच्या, एवढं कळलं की अर्धं काम होतं. मी पाहिलेले बहुतेक लोक हे न बघताच दोन्ही तक्ते उलटेपालटे करायला लागतात.

संदेशाच्या पुढच्या भागात कंसात एक लांबलचक शेपूट असतं. घाबरून तिकडे कुणी बघत नाही. खरं तर सगळा पत्ता त्यातच असतो: कुठला तक्ता, अटीचं नाव काय, कुठला रकाना, तो कुठल्या तक्त्याच्या कुठल्या रकान्याकडे बघतो. एकच गोष्ट मायएसक्यूएल सांगत नाही, ती म्हणजे नेमकी कुठली किंमत अडली. पोस्टग्रेस ते सांगतो; ‘सभासद क्रमांक बरोबर ४१२ ही किंमत सभासद तक्त्यात नाही’ अशा धाटणीचा तपशील खाली देतो. हजारो ओळी एका फटक्यात भरताना हा फरक मोठा वाटतो. मायएसक्यूएलमध्ये ती किंमत काढायची असेल तर ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ हा हुकूम द्यायचा आणि त्या भल्यामोठ्या अहवालात शेवटच्या फॉरेन की एररचा परिच्छेद शोधायचा. अडलेली ओळ तिथे दिसते. मात्र त्या हुकमाला वेगळी परवानगी लागते, आणि भाड्याच्या स्वस्त होस्टिंगवर ती बहुधा नसते.

आमच्या मुलाची पहिली चूक क्रमाची होती. त्यानं देवघेव आधी भरायला घेतली, कारण ती फाइल सगळ्यांत मोठी होती आणि मोठं काम आधी उरकावं असं त्याला वाटलं. पालक आधी, पाल्य नंतर. जन्माचा हाच क्रम आहे. रिकामं करताना उलटा: आधी देवघेव, मग सभासद. मग त्यानं आधी सभासद आणि नंतर देवघेव लावली. पुन्हा १४५२.

आता खरं शोधकाम. अशा वेळी एकेका ओळीच्या मागे लागू नये. पाल्याची सगळी माहिती आधी एका कच्च्या तक्त्यात घ्यावी, ज्याला कसलीही अट नाही. मग त्या कच्च्या तक्त्याला पालक तक्ता ‘लेफ्ट जॉइन’नं जोडायचा, आणि पालकाची बाजू रिकामी आलेल्या ओळी तेवढ्या मागायच्या. लेफ्ट जॉइनचा अर्थ असा की डावीकडची प्रत्येक ओळ येणारच. उजवीकडे जोडीदार सापडला तर तो शेजारी उभा राहतो, नाही तर जागा मोकळी राहते. मोकळ्या जागा म्हणजे अनाथ ओळी. फॉरेन कीच्या दुखण्यावर माझ्याकडे एकच औषध मागितलं तर मी ही क्वेरी देईन. एरर एका ओळीवर थांबते, ही क्वेरी सगळी यादी हातात ठेवते. आणि यादी समोर आली की कारणं आपोआप गटागटानं दिसायला लागतात.

आमच्या यादीत पहिला गट शून्यांचा होता. नव्या सभासदाची शिफारस जुन्या सभासदानं करायची असा त्या वाचनालयाचा नियम. म्हणून सभासदांच्याच तक्त्यात ‘शिफारस करणारा सभासद क्रमांक’ असा रकाना होता. तक्ता स्वतःकडेच बोट दाखवतो, हे चालतं. पण संस्थापक सभासदांची शिफारस कोण करणार? एक्सेलमध्ये तिथे शून्य लिहिलं होतं. माणसाच्या लेखी शून्य म्हणजे कुणी नाही. डेटाबेसच्या लेखी शून्य म्हणजे शून्य क्रमांकाचा सभासद, आणि तो हजर नाही. ‘कुणी नाही’ हे सांगायला ‘नल’ असतो, आणि नलला फॉरेन की अडवत नाही. शून्यं काढून नल केले की तो गट संपला. त्याच रकान्यात आणखी एक गाठ निघाली. काही जुन्या सभासदांनी मध्येच सोडून पुन्हा नाव घातलं होतं, त्यामुळे चाळीस क्रमांकाच्या सभासदाची शिफारस पंच्याण्णव क्रमांकानं केलेली. क्रमानं भरायला गेलं तर चाळीसच्या वेळी पंच्याण्णव जन्मालाच आलेला नाही. इथे सगळ्या ओळी आधी शिफारशीविना भरल्या आणि शिफारशी दुसऱ्या फेरीत घातल्या. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये अट व्यवहाराच्या शेवटी तपासायला सांगता येते, त्यामुळे तिथे दुसऱ्या फेरीशिवायही भागतं. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण प्रकारात ती सोय नाही.

दुसरा गट क्रमांकांच्या रूपाचा. आजीव सभासदांचे क्रमांक ‘आ’नं सुरू होणारे, बालविभागाचे ‘बा’नं, बाकीचे नुसते आकडे, पण पाच अंकी, पुढे शून्यं लावून. म्हणजे रकाना मजकुराचा. एक्सेलला यातले नुसते आकडे दिसले की तो त्यांना संख्या समजतो आणि पुढची शून्यं गाळतो. ‘००४१२’चं ४१२ झालं. सभासदांच्या फाइलमध्ये शून्यं शाबूत, देवघेवीच्या फाइलमध्ये गायब. डोळ्यांना दोघे एकच, अक्षरांच्या हिशेबात वेगळे. क्रमांकापाठोपाठ चुकून पडलेली मोकळी जागा हाही त्याच घराण्यातला त्रास. त्यात एक गंमत आहे: मायएसक्यूएलच्या जुन्या तुलना-नियमांत शब्दाच्या शेवटची मोकळी जागा धरत नसत, आवृत्ती ८.० पासून आलेल्या नव्या नियमांत ती धरतात. म्हणून वर्षानुवर्षं सुखानं चाललेली माहिती नव्या सर्व्हरवर नेताच अनाथ ठरते आणि दोष नव्या सर्व्हरला दिला जातो.

तिसऱ्या गटापाशी मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, कारण तो आपल्या लिपीचा आहे. पत्त्यांसाठी तालुक्यांचा वेगळा तक्ता होता आणि कुणीतरी तालुक्याचं नावच त्याची ओळख म्हणून ठरवलं होतं. अनाथांच्या यादीत ‘कऱ्हाड’ होतं. पालक तक्त्यातही ‘कऱ्हाड’ होतं. शेजारी शेजारी ठेवले, मोठे करून पाहिले, काही फरक नाही. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ अशी दोन रूपं चालतात हे मला माहीत होतं, पण इथे रूपही एकच होतं. फरक पोटात होता. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे करून. कुठल्या कीबोर्डनं टंकलं त्यावर ते ठरतं. माणूस वाचतो ते सारखंच. बाइटला बाइट लावून तुलना करणारा डेटाबेस, पोस्टग्रेस नेहमीच्या मांडणीत तेच करतो, या दोहोंना एक मानत नाही. मायएसक्यूएलमध्ये ते तुलना-नियमावर अवलंबून, आणि या तक्त्याला बायनरी नियम लावलेला होता. सगळा मजकूर एकाच रूपात आणण्याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात; माहिती आत घेण्यापूर्वी ते करून टाकावं. अर्धाक्षरं जोडणारी किंवा तोडणारी अदृश्य चिन्हंही याच वाटेनं येतात.

पण खरी चूक कीबोर्डची नव्हती, नावाला ओळख मानण्याची होती. महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे निराळं सांगायला नको. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जिल्ह्याचं नाव हीच ज्यांच्या तक्त्याची ओळख होती, त्यांना नाव बदलताना थेट १४५१ भेटली असणार, किंवा पालकाबरोबर पाल्यही बदलण्याची ‘कॅस्केड’ सोय लावून लाखो ओळी हलवाव्या लागल्या असणार. ज्यांनी निर्जीव, अर्थहीन आकडा ओळख म्हणून ठेवला होता त्यांनी एका ओळीतलं एक नाव बदललं आणि ते चहाला गेले. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला तेव्हाही तेच: नवा जिल्हा घालायचा, आणि त्याच्या वाट्याला आलेल्या तालुक्यांच्या ओळींतला जिल्ह्याचा आकडा बदलायचा. जनगणनेत राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव यांना संकेतांक देतात ते उगाच नाही. महाराष्ट्राचा संकेतांक २७. तो उच्चारावर किंवा राजकारणावर अवलंबून नाही.

इथवरच्या तक्रारी माहितीच्या होत्या. फॉरेन कीची अट घालायलाच गेलं आणि तीच नाकारली गेली, हा वेगळा आजार. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत त्याचं रूप फार कुरूप होतं: १००५ ही एरर आणि कंसात ‘१५०’, किंवा नुसती १२१५. अट घालता येत नाही, बस. का, ते नाही. आवृत्ती ८.० मध्ये संदेश माणसात आले. ३७८० आली तर दोन रकान्यांचे प्रकार जुळत नाहीत, असं ती नावानिशी सांगते.

प्रकार न जुळण्यातला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे ‘अनसाइन्ड’, म्हणजे फक्त शून्य आणि धन संख्या घेणारा पूर्णांक. पालकात तो आणि पाल्यात साधा पूर्णांक असेल तर अट बसत नाही. पालकात मोठा पूर्णांक, ‘बिगइंट’, आणि पाल्यात साधा असेल तरी नाही. लॅराव्हेल या पीएचपी चौकटीनं २०१९ साली आवृत्ती ५.८ मध्ये नव्या तक्त्यांची ओळख ठरीव म्हणून बिगइंट केली. जुनी पुस्तकं आणि जुने व्हिडिओ बघून शिकणारे पाल्यात साधाच पूर्णांक लिहीत राहिले, आणि ‘१५०’चा पाऊस पडला. दोघांपैकी कुणाचंच चूक नव्हतं, फक्त पालक मोठा झाल्याचं पाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. मजकुराच्या रकान्यांत अक्षरसंच आणि तुलना-नियम दोन्ही जुळावे लागतात. जुना तक्ता ‘लॅटिन १’ मध्ये आणि नवा ‘यूटीएफ ८ एमबी ४’ मध्ये असेल तर जोड नाही. तसंही ‘लॅटिन १’ मध्ये मराठी नीट राहतच नाही, प्रश्नचिन्हांची रांग लागते. तेव्हा बदलायचा तो जुना तक्ता.

पालकाचा तो रकाना अनन्य हवा, म्हणजे त्यात एकच किंमत दोनदा येता कामा नये. एका आकड्याचे दोन सभासद असतील तर बोट कुणाकडे? पोस्टग्रेस याबाबत पहिल्यापासून कडक. मायएसक्यूएल वर्षानुवर्षं नुसत्या इंडेक्सवर भागवून घेत होता. २०२४ च्या ८.४ आवृत्तीपासून तोही मुळातच अनन्यता मागतो. स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोजमध्ये बनवलेलं काम लिनक्स सर्व्हरवर चढवलं आणि पालक तक्ताच सापडेना, असं झालं तर तक्त्याच्या नावातली लहानमोठी इंग्रजी अक्षरं तपासा. लिनक्सवर मायएसक्यूएल तो भेद मानतो.

आता त्या मोहाबद्दल. आमच्या मुलानं दुसऱ्या दिवशी आनंदानं सांगितलं, “सर, सुटलं! एक ओळ टाकली आणि सगळं आत गेलं.” ती ओळ कुठली हे मला न विचारताच कळलं. ‘फॉरेन की चेक्स’ शून्य करायचे, सगळं भरायचं, मग परत एक करायचे. बॅकअपची फाइल उघडून पाहिली तर मायएसक्यूएलचं स्वतःचं डंप काढणारं साधनही सुरुवातीला हेच लिहितं, म्हणून लोकांना हा राजमार्ग वाटतो. डंपमध्ये ते रास्त आहे. तिथे तक्ते नावाच्या क्रमानं येतात, पालक-पाल्याच्या नाही, आणि आतली माहिती आधी एकदा तपासून घेतलेली असते. पण कच्च्या माहितीला हीच सवलत दिली तर काय होतं? चेक्स पुन्हा एक केले तरी मधल्या काळात शिरलेल्या ओळी कुणी मागे वळून तपासत नाही. पहारेकरी जेवायला गेला असताना आत आलेले लोक तो परतल्यावरही आतच असतात. अट शाबूत दिसते, तक्त्याच्या व्याख्येत नाव दिसतं, आणि पोटात अनाथ ओळी. अट मुळात नसती तर निदान कुणी तिच्यावर विसंबलं नसतं.

पोस्टग्रेसची पद्धत मला जास्त सभ्य वाटते. तिथे अट ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून घालता येते: आजपासून येणाऱ्याची तपासणी होईल, जुन्यांची झालेली नाही, हे उघड लिहिलेलं राहतं. सावकाश सफाई करायची आणि मग ‘व्हॅलिडेट’ म्हणायचं. एसक्यूएल सर्व्हरही न तपासता घातलेल्या अटीवर ‘विश्वासार्ह नाही’ असा शिक्का स्वतःच्या दप्तरी ठेवतो. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीचा अंमल २००९ मध्ये आला, पण प्रत्येक जोडणीच्या वेळी ‘प्राग्मा’ लिहून तो चालू करावा लागतो. ठरीव स्थिती बंद. तुमच्या फोनमधली असंख्य ॲपं एसक्यूलाइटवर चालतात, आणि त्यांपैकी कितींनी तो चालू केला असेल कोण जाणे. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम प्रकारात तर फॉरेन कीची ओळ वाचली जाई आणि गुपचूप सोडून दिली जाई. एररही नाही, अटही नाही. २०१० च्या ५.५ आवृत्तीत इनोडीबी हा ठरीव प्रकार झाला तेव्हा कुठे नव्यानं शिकणाऱ्यांना ही तक्रार ऐकू यायला लागली. त्यातल्या अनेकांना वाटलं की मायएसक्यूएल बिघडला.

भरणी झाली. महिन्याभरानं १४५१ आली. निर्लेखित केलेली पुस्तकं, वाळवी लागलेली, पानं सुटलेली, तक्त्यातून काढायची होती आणि डेटाबेस काढू देईना, कारण ती कधी ना कधी कुणीतरी नेलेली होती. इथे ‘कॅस्केड’ लावा असा सल्ला सहज मिळतो: पुस्तक काढलं की त्याची सगळी देवघेवही आपोआप जाईल. कृपा करून हा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा की वर्षाअखेरच्या अहवालात एकूण देवघेव किती दाखवायची. तो आकडा मागे जाऊन घटेल. कॅस्केड योग्य कुठे? पाल्याला पालकाशिवाय अर्थच नसेल तिथे. बिल काढलं तर बिलातल्या ओळी उरून काय करणार? इतिहासाला मात्र ते लावू नये. ‘सेट नल’ हा मधला मार्ग: नोंद राहते, बोट गळून पडतं. १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मलेली कोहा ही ग्रंथालयांची मुक्त प्रणाली आज भारतातही खूप वापरात आहे. तिनं जुन्या देवघेवीसाठी हाच मार्ग धरला आहे. सभासद गेला तरी पुस्तक किती वेळा फिरलं ते मोजता येतं, कुणी नेलं ते नाही. वाचकाच्या खासगीपणाच्या दृष्टीनंही ते बरंच.

आम्ही तिसरंच केलं, आणि ते तलाठ्याकडून शिकलेलं होतं. जमीन विकली म्हणून सात-बारावरचं जुनं नाव खरवडून काढत नसत, त्याला कंस करत. आम्ही पुस्तकांच्या तक्त्यात ‘निर्लेखन दिनांक’ असा रकाना घातला. दिनांक आहे ते पुस्तक शोधात दिसत नाही, पण ओळ जागेवर असते आणि कुणाचंही बोट मोकळ्या हवेत राहत नाही. ग्रंथपाल बाईंना ते लगेच पटलं. दाखल रजिस्टरात त्याही लाल शाईनं शेरा मारत, पान फाडत नसत.

सभासदांबाबत ही सावधगिरी उशिरा सुचली, आणि त्याची किंमत एका निवृत्त शिक्षिकांनी मोजली. नव्यानं सभासद झालेल्या त्या बाईंना विलंब शुल्काची चिठ्ठी गेली, त्यांनी न नेलेल्या पुस्तकाची. त्या चिठ्ठी घेऊन आल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या, चकित होत्या. तपासलं तर सगळ्या फॉरेन की धडधाकट. देवघेवीत क्रमांक होता, त्या क्रमांकाचा सभासद होता, अट तुटली कुठेच नव्हती.

घडलं होतं ते असं. भरणी झाल्यावर सभासदांनाही आम्ही आपोआप वाढणारा साधा आकडा ओळख म्हणून दिला होता. सगळ्यांत अलीकडच्या क्रमांकाच्या एका सभासदानं गाव सोडलं, अनामत परत नेली, आणि मुलानं ती ओळ काढली; देवघेवीमुळे अडली म्हणून चेक्स शून्य करून काढली. त्या रात्री वीज गेली, सर्व्हर बंद पडला, सकाळी चालू झाला. मायएसक्यूएल ८.० च्या आधीच्या इनोडीबीत पुढचा क्रमांक कोणता हे फक्त मेमरीत असे. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तक्त्यात उरलेला सर्वांत मोठा क्रमांक बघून त्यात एक मिळवला जाई. सर्वांत मोठा तर काल काढला होता. म्हणून तोच क्रमांक सकाळी आलेल्या शिक्षिकांना मिळाला, आणि गाव सोडून गेलेल्याची अनाथ देवघेव आयती त्यांच्या नावावर चढली. लेफ्ट जॉइनची क्वेरी चालवली असती तरी काही सापडलं नसतं, कारण पालक सापडत होता. फक्त तो निराळा माणूस होता. कोहा वापरणाऱ्यांनाही याच स्वभावाचा त्रास झाला होता. तिथे चालू देवघेवीतून सुटलेला क्रमांक पुन्हा वाटला जाई आणि परतीच्या वेळी जुन्या नोंदीशी टक्कर होई.

चूक सापडली ती तारखेवरून. पुस्तक नेल्याची तारीख बाईंच्या सभासदत्वाच्या आधीची होती. त्यानंतर आम्ही दर रविवारी एक छोटी क्वेरी चालवतो: देवघेवीची तारीख सभासद झाल्याच्या तारखेआधीची आहे अशा ओळी दाखव. डेटाबेसची कुठलीच फॉरेन की हा प्रश्न विचारत नाही, तो आपणच विचारावा लागतो. मायएसक्यूएल ८.० पासून पुढचा क्रमांक डिस्कवर जपला जातो. ५.७ चा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तरी अनेक छोट्या संस्थांच्या कपाटातल्या संगणकावर तो अजून चालू आहे. तुमच्याकडे तसा असेल, तर आवृत्ती बदलण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या, आणि बॅकअपनंतर लगेच ही तारखांची क्वेरी एकदा चालवून बघा.